कोलोनच्या स्टेजकाकू

कोलोनच्या आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांचे कार्यक्रम सुरू झाले, की पुढच्या रांगांतले सगळे आईबाप एकदम मोबाइल वर धरतात. स्टेजकाकूंना ते सहन होत नसे. काठी टेकत त्या रांगांमधून फिरायच्या आणि एकेकाचा हात हलकेच खाली दाबायच्या. "अहो, खाली घ्या तो. मूल तुमच्याकडे बघतंय आणि तुम्ही काचेकडे." कोणी म्हणालं, "काकू, पुण्याला आजीला पाठवायचंय," तर म्हणायच्या, "मग आजीला तिकीट पाठवा." नवीन आलेली जोडपी रागवायची. जुनी मंडळी काकू दिसल्या की मोबाइल खिशात टाकायची आणि त्या पुढे सरकल्या की पुन्हा काढायची. मागे वळूनही न बघता काकू म्हणायच्या, "कुलकर्णी, दिसतंय मला."

त्यांचं खरं नाव यमुना. पण इथल्या मराठी घरांत त्यांना सगळे स्टेजकाकू म्हणत, कारण एके काळी हॅनोव्हरच्या आणि मग कोलोनच्या रंगमंचावर नाचगाण्याच्या नाटकांत त्या मोठ्या भूमिका करत होत्या. जर्मन पोस्टरवर फक्त 'यमुना' एवढंच नाव असे. काकू या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्यावर जर्मन वर्तमानपत्रात दोन चांगले लेख आले. त्या लेखांत नसलेल्या काही गोष्टी मला माहीत आहेत, कारण शिकत असताना मी त्यांच्या घरी राहत होते.

मी लातूर जिल्ह्यातल्या औशाची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कोलोनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण खोली मिळेना. घर बघायला जावं तर माझ्या आधी तीसजण रांगेत उभे. मंडळाच्या गणपतीत मी हे कोणाला तरी रडवेल्या आवाजात सांगत होते, तेव्हा मागून प्रश्न आला, "गाव कुठलं तुझं?"

"औसा."

"तिथे टॉकीज आहे?"

मला वाटलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हटलं, "होतं. आता तिथे मंगल कार्यालय झालंय."

"हरकत नाही. सामान घेऊन ये," काकू म्हणाल्या. खोली मिळाल्याचा आनंद इतका होता की टॉकीजचं काय, हे विचारायचंच राहिलं. नंतर कळलं की त्या भेटेल त्या मराठी माणसाला हाच प्रश्न विचारत.

त्यांचे वडील देवळालीच्या छावणीतल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पडद्यामागे, म्हणजे खरं तर प्रेक्षकांच्याही मागे, उंचावरच्या कोंदट खोलीत दोन मशिनं असत. एक रीळ संपत आलं की दुसरं नेमक्या क्षणी सुरू करायचं, हे त्यांचं काम. लष्करातल्या साहेबांसाठी तिथे इंग्रजी चित्रपट लागायचे. यमुना शाळेतून आली की बाबांचा डबा घेऊन त्या खोलीत जायची आणि भिंतीतल्या वीतभर काचेतून खाली बघायची. मशिनांच्या खडखडाटात गाण्याचा आवाज जवळजवळ ऐकूच यायचा नाही. दिसायचे ते पाय. नाचगाण्याच्या चित्रपटांत एक सोनेरी केसांची नटी असे. बुटांच्या तळाला पत्र्या लावून ती जिन्यावरून टकटक करत उतरायची. यमुना तिचा नाच कानांनी नाही, डोळ्यांनी शिकली.

चित्रपटांबरोबर जाहिरातीची रंगीत पत्रकं यायची. त्यांतून त्या नटीची सगळी कहाणी यमुनेने जमवली होती. वडील लहानपणीच घर सोडून गेलेले, आई लोकांचे कपडे शिवणारी, मुलीला नाचाच्या वर्गाला पाठवायला जमेना म्हणून वर्गाच्या खिडकीबाहेर उभी करणारी. मग शेवटच्या रांगेतली नाचणारी, मग मधल्या रांगेतली, मग एकटी. काकू हे इतक्या जिव्हाळ्याने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, नटी त्यांची मावसबहीण आहे. "आमची सोनेरी" असाच तिचा उल्लेख. मी एकदा विचारलं, "काकू, पत्रकातलं सगळं खरं असेल का?" त्या म्हणाल्या, "खिडकीबाहेर उभं राहण्याचं खरं असणार. मीही तेच करत होते ना!"

ऑपरेटरच्या खोलीत चपला घालून जायची मनाई होती. बाबा चपला दाराबाहेर काढत, मशिनाला हात लावून तो कपाळाला लावत आणि मगच दिवा पेटवत. दसऱ्याला दोन्ही मशिनांना झेंडूचा हार. "जिथं काम करायचं तिथं पायातलं बाहेर," हा त्यांचा नियम. त्यामुळे यमुना सगळा नाच अनवाणीच शिकली, सिमेंटच्या जमिनीवर, आवाजाशिवाय. पुढे छावणीतल्या चांभाराने तिच्या शाळेच्या बुटांना शिपायांच्या बुटांना मारतात तसली लोखंडी नाल मारून दिली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःचे पाय ऐकले. "अश्विने," काकू मला सांगत होत्या, "मुकं मूल एकदम बोलायला लागावं ना, तसं झालं मला."

छावणीच्या क्लबात नाताळच्या कार्यक्रमात ती नाचली. साहेबमंडळींनी खूप टाळ्या वाजवल्या. सगळी आळी लोटली होती, फक्त बाबा नव्हते. त्या वेळी टॉकीजमध्ये खेळ होता. दुसऱ्या दिवशी आळीत बोलणी सुरू झाली. बाबा एरवी कोणाच्या बोलण्याला भीक घालणारे नव्हते, पण मुलगी मुंबईला एका नाचाच्या संचात जाते म्हणाली तेव्हा त्यांचा धीर सुटला. ते म्हणाले, "आपण दाखवणारी माणसं. दिसणारी नाही." यमुना तरीही गेली. त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलले नाहीत.

काकूंच्या साऱ्या आयुष्याची ओढ एकाच गोष्टीची होती, असं मला त्यांच्या बोलण्यातून दिसत गेलं. टाळ्या त्यांना भरपूर मिळाल्या. त्यांना हवं होतं ते एवढंच, की बाबांनी एकदा खुर्चीत बसून आपल्याला नाचताना बघावं.

मुंबईच्या त्या संचाचा दौरा जर्मनीत आला आणि हॅनोव्हरला संपला. बाकीच्या मुली परत निघाल्या. यमुनेला कळलं की इथल्या एका नाट्यगृहाला नाचगाण्याच्या नाटकासाठी मुली हव्या आहेत. मैत्रिणीचा कोट घालून ती निवडीला गेली. आतल्या बाजूला पंधरावीस जर्मन मुली बूट घालून पाय मोकळे करत होत्या. हिचं नाव पुकारलं गेलं. हिने काय करावं? सवयीने बूट विंगेत काढून ठेवले, रंगमंचाला हात लावून नमस्कार केला आणि मधोमध जाऊन उभी राहिली.

पियानो सुरू झाला. हिने पहिली पावलं टाकली आणि काहीच वाजलं नाही.

विंगेतल्या मुली हसायला लागल्या. समोरच्या अंधारातून दिग्दर्शक काहीतरी ओरडला. हिला जर्मन कळत नव्हतं. शेवटी पियानोवाल्याने बोटाने तिच्या पायांकडे दाखवलं. ती धावत विंगेत गेली, बूट उचलले, पण ते घालून रंगमंचावर पाऊल ठेवायला तिचं मन तयार होईना. तिथे चालून जायचं ते अनवाणीच. मग ती बूट हातात घेऊन मधोमध आली, सरळ खाली बसली आणि सगळ्यांसमोर एक एक बूट पायात चढवायला लागली. पियानोवाला दयाळू माणूस. तो थांबला नाही, तेच चार स्वर फिरवून फिरवून वाजवत राहिला. दुसऱ्या बुटाचा बंद बांधून ती उठली ती नेमकी समेवर, आणि मग जी वाजली!

नाच संपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "नोख माल. गेनाऊ झो." पुन्हा एकदा, अगदी असंच. तिला वाटलं, नाच पुन्हा करायचाय. ती सुरू करणार तोच तो पुढे आला आणि खुणेने म्हणाला, बूट काढ. बसून घालण्यापासून पुन्हा.

त्या नाटकात त्या शेवटच्या रांगेतच होत्या. पण पुढच्या नाटकाची नायिकाच दिग्दर्शकाने अशी केली की ती बूट हातात घेऊन येते, प्रेक्षकांसमोर बसून ते घालते आणि मग नाचते. ती भूमिका काकूंना मिळाली. लोक ते बूट घालणं बघायला येत. वर्तमानपत्रवाल्यांनी त्यात मोठा अर्थ शोधला, परदेशी स्त्रीचं नवं आयुष्य वगैरे. काकू म्हणायच्या, "आल्झो, म्हणजे मी काय सांगणार त्यांना? माझ्या बापाचा नियम होता तो."

मधल्या काळात त्यांनी जर्मन भाषा ज्या कष्टाने कमावली ते ऐकून मला माझ्या अभ्यासाची लाज वाटत नसे, उलट बळ येई. एकेक वाक्य त्या भाजी चिरताना, भांडी घासताना म्हणत राहायच्या, इतकं की शेजारीण एकदा दार वाजवून विचारायला आली, "तुम्ही रोज कोणाला सोडून जाता?" नाटकातलं वाक्य होतं, "मी तुला सोडून जाते आहे."

लग्न त्यांनी हेल्मुटकाकांशी केलं. ते नाट्यगृहात दिव्यांचं काम बघत. मी त्यांना पाहिलं नाही, भिंतीवर फोटो होता. काकू फोटोकडे हात करून म्हणायच्या, "बाप उजेड टाकणारा, नवराही उजेड टाकणारा. मी आपली मधे नाचले." त्यांची मुलगी आंके हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. फक्त 'आई' तेवढं मराठी. तिच्याबद्दल काकूंची ठरलेली थट्टा, "मी बूट झिजवले, ही बूट विकते. पैसा तिच्याच धंद्यात आहे." आंके हे ऐकून "या, या, आई" असं जर्मनमध्ये हो हो म्हणत डोळे फिरवायची.

प्रत्येक नाटकाचे फोटो काकू देवळालीला पाठवायच्या. आईचं उत्तर यायचं. बाबांचं कधी नाही. एकदा मात्र आईने लिहिलं की बाबांनी फोटो बराच वेळ हातात धरला होता आणि मग एवढंच म्हणाले, "यात पाय हलत नाहीत."

काकू ते वाक्य सांगताना हसायच्या. "बोलत नव्हता माझ्याशी. पण बघ, फोटोत त्याने काय शोधलं!"

आणि मग योग आला. त्यांच्या नाट्यगृहाचा एक प्रयोग मुंबईला ठरला. एकच प्रयोग. काकूंनी आईमार्फत निरोप पाठवला. बाबा हो म्हणाले. नवा सदरा शिवला, बदली ऑपरेटर ठरवला. काकूंनी पडदा उघडायच्या आधी तीनतीनदा फटीतून बघितलं. आई आली होती, भाऊ आला होता. बाबांची खुर्ची रिकामी.

तिकडे देवळालीत बदली माणूस आलाच नव्हता. टॉकीज हाउसफुल. खालून शिट्ट्या सुरू झालेल्या. बाबांनी नवा सदरा काढून खुंटीला लावला, मशिनाला नमस्कार केला आणि दिवा पेटवला.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. दोन वर्षं आला," काकू म्हणाल्या. "मग एकदा मला ताप भरलेला, अंगात एकशे दोन, आणि आंके लहान, रडतेय. नाट्यगृह भरलेलं. मी काय केलं? जाऊन नाचले. पहिल्या अंकात मला बाबा कळले. लोक बसलेत म्हटल्यावर आमच्यासारख्यांना उठता येत नाही गं." मग म्हणाल्या, "पण कळले तेव्हा ते गेलेले होते."

मुंबईच्या प्रयोगाची ही गोष्ट त्यांनी मला अगदी शेवटी, एका ठरावीक कारणाने सांगितली. माझा अभ्यासक्रम संपत आला होता. प्रबंध जर्मनमध्ये मांडायचा होता आणि माझी पाचावर धारण बसली होती. काकूंनी मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि स्वतः स्टुलावर प्रेक्षक होऊन बसल्या. मी पंप आणि पाण्याचा दाब यांवर पूर्ण बोलले. त्यांनी एकदाही अडवलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "विषय मला कळला नाही. पण तिसऱ्या वाक्याला तू दाराकडे बघितलंस. तिथे काय होतं?" मी म्हटलं, तिथे पुढचं वाक्य आठवत नव्हतं. "मग तेच वाक्य पाठ कर. बाकीचं येतं तुला." आणि खरंच तसं होतं. मला त्या परीक्षेत चांगले गुण मिळाले, त्यातले अर्धे तरी त्या स्टुलाचे आहेत.

पदवीच्या समारंभाला आईअण्णांना बोलवायचा माझा विचार नव्हता. अण्णा औशाच्या मार्केट यार्डात मापाडी. आयुष्यभर धान्याची पोती काट्यावर घातली. विमान, व्हिसा, थंडी, आणि सगळा समारंभ जर्मनमध्ये. मी म्हटलं, "त्यांना काय कळणार, काकू? फोटो पाठवेन."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. "फोटो," त्या म्हणाल्या, आणि मग मुंबईच्या प्रयोगाची ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. शेवटी म्हणाल्या, "बोलाव त्यांना. यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. तू त्यांच्या वतीने नाही म्हणू नकोस."

अण्णा आले. काळी टोपी, गुलाबी स्वेटर, आईच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी. समारंभात माझं नाव पुकारलं तेव्हा अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते उभे राहिले. सगळे बसलेले आणि ते एकटे उभे. मला वरून ते स्पष्ट दिसले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. तेव्हा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. चाकांच्या आधारगाडीशिवाय डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि आंके खास काकूंवर लक्ष ठेवायला आली होती. वरण, भात, बटाट्याची भाजी, आईची चटणी. अण्णा काकूंना आक्का म्हणायला लागले होते. काकूंनी त्यांना विचारलं, "तुमच्या गावात टॉकीज होतं म्हणे?"

"व्हतं की. जमिनीवर बसून बघायचो."

"काय बघायचात?"

"समदंच बघायचो, आक्का. पैसे दिल्यात म्हटल्यावर."

काकू खूप हसल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही त्या खुर्चीवर बसता का जरा? मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

आंकेच्या लगेच लक्षात आलं. "नाइन, आई. डेर आर्ट्स्ट हाट गेझाग्ट..." डॉक्टरांचं नाव घेऊन ती उठलीसुद्धा. काकू मराठीत म्हणाल्या, "एकदाच. तू पण बस. बघ." आंके आईकडे बघत राहिली आणि मग खाली बसली. माझा हात मोबाइलकडे गेला होता. तो मीच मागे घेतला.

काकू जेवणाच्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, अंगात घरातला झगा, पाय अनवाणी. तोंडाने त्यांनी हळू ताल धरला आणि पावलं टाकायला सुरुवात केली. उड्या नव्हत्या, गिरक्या नव्हत्या. नुसती टाच, चवडा, टाच, चवडा. लाकडी जमिनीवर अगदी बारीक आवाज येत होता. पण मान वर होती आणि चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मला एकदम सगळी पोस्टरं खरी वाटली. हॅनोव्हरच्या लोकांनी काय पाहिलं असेल ते मला त्या जेवणाच्या खोलीत दिसलं.

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. काट्यावर पोतं चढवलं की ते जसे बघतात, तसे. मान हलत नव्हती. डोळे फक्त काकूंच्या पायांवर.

काकू थांबल्या. धाप लागली होती. आईने आणि आंकेने टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नाही. काकू मात्र फक्त त्यांच्याकडे बघत होत्या, शाळेतल्या मुलीने निकालाकडे बघावं तशा.

अण्णा संकोचले. टोपी सारखी केली. मग म्हणाले, "लई चांगलं झालं, आक्का. पर मधी एक डाव उजवा पाय मागं राहिला."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आई त्यांना कोपराने ढोसत होती, "अवं, काय बोलताव!" आंकेने माझ्याकडे पाहिलं, बरोबर ऐकलं ना मी, अशा अर्थाने.

आणि काकूंचा चेहरा उजळला. मी दोन वर्षं त्या घरात राहिले, पण तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. "राहिला!" त्या म्हणाल्या. "राहिला खरा! बघितलंत तुम्ही. आंके, बघितलं यांनी!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "थांबा, अण्णा. उठू नका."

"आक्का, दमलाव तुम्ही. ऱ्हाऊ द्या."

"उठू नका म्हणते ना!"

अण्णा पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. काकूंनी टेबलाची कड सोडून दिली, मान वर केली आणि सगळा नाच पहिल्यापासून पुन्हा केला. अण्णांनी तो पहिल्यासारखाच, डोळा न हलवता पाहिला. शेवटचं पाऊल पडल्यावर त्यांनी मान डोलावली.

"आता बरोबर," ते म्हणाले.